आकडा उतरतो, आठवण राहते

आपल्या देशात करोनाची लस टोचायला १६ जानेवारी २०२१ या दिवशी सुरुवात झाली. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात त्या दिवशी सर्वांत आधी बाही वर केली ती एका सफाई कामगाराने. समोर मंत्री होते, कॅमेरे होते. पण पहिला मान त्याचा होता आणि तो योग्यच होता. ‘आरोग्य कर्मचारी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप येतो. सरकारच्या यादीत मात्र डॉक्टरांबरोबर परिचारिका होत्या, वॉर्डबॉय होते, मावशी होत्या, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होते, रुग्णवाहिकेचे चालक होते, गावोगाव फिरणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविका होत्या. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी करोनाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लस आधी यांना द्यायची हे ठरवताना फार विचार करावा लागला नसेल.

या मंडळींना लस आधी मिळाली, त्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. लस घेतल्यावर माणसाच्या शरीरात नेमके काय होते, किती दिवस टिकते, कोणात कमी आणि कोणात जास्त होते, हे शास्त्रज्ञांना मोठ्या प्रमाणात यांच्याच रक्तातून कळले. तीच माणसे, त्याच इमारतीत, रोज कामावर येणारी. दर महिन्याला रक्त मागितले तरी दंड पुढे करणारी. आज करोनाच्या लशीबद्दल आपण जे खात्रीने बोलतो, त्यातला मोठा वाटा या रक्ताच्या नळ्यांचा आहे. त्या नळ्यांनी काय सांगितले, ते आज पाहायचे आहे.

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. या विषयात शिरलो तो एका फोनमुळे. माझी एक भाची परिचारिका आहे. तिने कोविशिल्डचे दोन्ही डोस २०२१ च्या सुरुवातीलाच घेतले होते. जूनमध्ये तिने हौसेने एका खासगी प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली. रिपोर्टवर शब्द होता ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. ती म्हणाली, “मामू, माझ्या अंगात काहीच तयार झालं नाही. रोज कोविड वॉर्डात जाते, आता काय करू?” तिच्या आवाजातली भीती मला समजली, रिपोर्ट समजला नाही. म्हणून वाचायला बसलो.

आधी प्रतिपिंड म्हणजे काय ते पाहू. शरीरात परका पदार्थ शिरला की रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी, ज्यांना बी पेशी म्हणतात, त्याच्या आकाराला नेमकी बसणारी प्रथिने तयार करू लागतात. कुलपाला किल्ली बसावी तशी ती त्या परक्या पदार्थाला जाऊन चिकटतात. हीच प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी. करोनाच्या विषाणूच्या अंगावर काटे असतात. त्या काट्यांच्या साहाय्याने तो आपल्या पेशीला चिकटतो. काट्याला प्रतिपिंड आधीच चिकटून बसले, तर विषाणूला पेशीत शिरता येत नाही. या काट्याला स्पाइक प्रथिन म्हणतात. विषाणूच्या पोटात दुसरे एक प्रथिन असते, न्यूक्लिओकॅप्सिड. ते विषाणूचा जनुकीय धागा गुंडाळून ठेवते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोविशिल्ड शरीराला फक्त काट्याची ओळख करून देते. चिंपांझींमध्ये आढळणारा सर्दीचा एक विषाणू घेऊन, त्याची वाढ होणार नाही अशी व्यवस्था करून, त्यात काट्याचा नकाशा घातलेला असतो. आपल्या पेशी तो नकाशा वाचून थोडे काटे तयार करतात आणि शरीर ते ओळखायला शिकते. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनची रीत जुनी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा काढलेला विषाणू वाढवून, मारून, तो आख्खाच टोचायचा. त्यात काटाही आला आणि पोटातले प्रथिनही आले.

आता भाचीचा रिपोर्ट उलगडतो. बाजारात दोन जातींची किट होती. एक काट्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारे, दुसरे पोटातल्या प्रथिनाविरुद्धची. तिची तपासणी दुसऱ्या जातीच्या किटवर झाली होती. कोविशिल्ड घेतलेल्या आणि करोना न झालेल्या माणसाच्या रक्तात ती प्रतिपिंडे असायचे कारणच नाही. रिपोर्ट खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. पुढे योग्य किटवर तपासणी झाली तेव्हा काट्याविरुद्धची प्रतिपिंडे होतीच. पण मधले पंधरा दिवस त्या मुलीने जे सोसले, ते तिच्यासारख्या अनेकांनी सोसले असेल. एका किटवरचा आकडा दुसऱ्या किटवरच्या आकड्याशी ताडून पाहणारेही पुष्कळ होते. एकमेके वेगळी असताना मोजमापांची अशी तुलना करणे म्हणजे तोळे आणि शेर एकाच वहीत मांडून बेरीज करणे.

आता रक्ताने काय सांगितले त्याकडे येऊ.

भारतातल्या ५१५ आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोव्हॅट या नावाने तो ओळखला जातो. यात ४२५ जणांनी कोविशिल्ड आणि ९० जणांनी कोव्हॅक्सिन घेतली होती. दोन डोसांनंतर एकूण ९५ टक्के लोकांच्या रक्तात काट्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. कोविशिल्ड घेतलेल्यांत हे प्रमाण ९८.१ टक्के आणि कोव्हॅक्सिन घेतलेल्यांत ८० टक्के होते. साठी ओलांडलेल्यांत आणि मधुमेह असलेल्यांत ते कमी भरले. या आकड्यांवरून त्या काळी बरीच वादावादी झाली. पण तपासणी फक्त काट्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची होती, कोव्हॅक्सिन घेतलेले लोक संख्येने कमी होते आणि प्रतिकारशक्तीचे बाकीचे घटक मोजलेच नव्हते, हे लक्षात घेऊनच ते वाचायला हवेत.

दुसरी गोष्ट, ज्यांना आधी करोना होऊन गेला होता त्यांची. लंडनमधल्या ५१ आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक छोटा अभ्यास २०२१ च्या सुरुवातीला आला. त्यांपैकी २४ जणांना पूर्वी सौम्य किंवा लक्षणांविना करोना होऊन गेला होता. फायझरच्या लशीचा एकच डोस दिल्यावर या २४ जणांची प्रतिपिंडे त्यांच्या आधीच्या सर्वोच्च पातळीच्या १४० पटींहून अधिक वाढली. शरीराने धडा एकदा गिरवलेला होता. लशीने फक्त पाटी पुढे केली आणि ते भराभर लिहू लागले. शरीराला आठवण असते, याचा हा पुरावा.

तिसरी गोष्ट दोन डोसांतल्या अंतराची. इंग्लंडमध्ये फायझरचे दोन डोस आधी तीन आठवड्यांच्या अंतराने देत होते. डिसेंबर २०२० च्या अखेरीस, अधिक लोकांना निदान पहिला डोस मिळावा म्हणून, हे अंतर १२ आठवड्यांपर्यंत वाढवले गेले. काही रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा दुसरा डोस त्याआधीच झाला होता, काहींचा व्हायचा होता. त्यामुळे तुलनेसाठी दोन गट आपोआप मिळाले. ५०३ कर्मचाऱ्यांच्या तपासणीत दिसले की, जास्त अंतर ठेवलेल्यांत दुसऱ्या डोसानंतर विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे अधिक होती. मात्र मधल्या काळात त्यांची पातळी खाली गेली होती. आपल्याकडे कोविशिल्डच्या दोन डोसांतले अंतर सुरुवातीला ४ ते ६ आठवडे होते. मार्च २०२१ मध्ये ते ६ ते ८ आणि मे महिन्यात १२ ते १६ आठवडे झाले. म्हणजे सर्वांत पुढे उभ्या असलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला कमी अंतर आले. दुसरी लाट दारात असताना ते लवकर पूर्ण लसवंत झाले, हे त्यांच्या फायद्याचेच ठरले. रक्तातला आकडा थोडा कमी आला असेल, पण वेळेला उपयोगी पडला.

चौथी गोष्ट सर्वांना घाबरवणारी ठरली. इस्रायलमधल्या शेबा मेडिकल सेंटरने आपल्या ४,८६८ कर्मचाऱ्यांचे रक्त फायझरच्या दुसऱ्या डोसानंतर सहा महिने दर महिन्याला तपासले. काट्याविरुद्धची प्रतिपिंडे सहा महिन्यांत १८ पटींहून अधिक घटली. पुरुषांत, वयाची ६५ वर्षे पार केलेल्यांत आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांत ती आणखी कमी होती. ही बातमी आल्यावर ‘लशीचा असर संपला’ असे मथळे झळकले. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असाच हा आकडा होता.

पण त्याच अभ्यासात आणखी एक मोजमाप होते. प्रतिपिंडे नुसती किती आहेत ते नव्हे, तर विषाणूला प्रत्यक्ष अडवण्याची ताकद त्यांच्यात किती आहे, त्याचे. ही ताकद पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने उतरली आणि मग उतार मंदावला. सहा महिन्यांत ती सुमारे चार पटींनी घटली. अठरा आणि चार यांत फरक आहे. असे का व्हावे?

लस टोचल्यावर आधी घाईने तयार होतात त्या प्रतिपिंडे ओतणाऱ्या पेशी. त्यांचे आयुष्य थोडे. काम झाले की त्या मरतात आणि आकडा खाली येतो. हे बिघडल्याचे लक्षण नाही. आयुष्यभरात झालेल्या प्रत्येक आजाराची प्रतिपिंडे पूर्ण जोराने वाहत राहिली असती, तर आपले रक्त घट्ट झाले असते. त्याच वेळी दुसरे काम शांतपणे सुरू असते. लस घेतल्यावर काही जणांच्या काखेत अवधाण आले होते, आठवत असेल. तिथल्या लसिका ग्रंथींमध्ये बी पेशींची शाळा भरते. काट्याला जरा बरी बसणारी किल्ली बनवणाऱ्या पेशी पुढच्या वर्गात जातात, बाकीच्या गळतात. ही शाळा कित्येक आठवडे चालते. तिथून बाहेर पडलेल्या पेशींपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि थोडी थोडी प्रतिपिंडे दीर्घकाळ देत राहतात. काही स्मृतिपेशी होऊन गप्प फिरत राहतात. विषाणू पुन्हा आला की त्या काही दिवसांत जाग्या होतात. याखेरीज टी पेशी असतात. त्यांतल्या काही बी पेशींना मदत करतात, काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी हुडकून मारतात. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या रिपोर्टवर यांतले काहीही दिसत नाही. तिथे फक्त त्या दिवशी रक्तात फिरणारी प्रतिपिंडे मोजली जातात.

म्हणूनच लशीची खरी परीक्षा वॉर्डात घ्यावी लागते. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ती २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घेतली. त्यांच्याकडे १०,६०० कर्मचारी होते. त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांनी लस घेतली होती, बहुतेकांनी कोविशिल्ड. लस न घेतलेल्या सहकाऱ्यांच्या तुलनेत दोन डोस घेतलेल्यांना संसर्गापासून ६५ टक्के संरक्षण मिळाले. रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, प्राणवायू लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के. हे चार आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. आजार जितका गंभीर, तितके संरक्षण जास्त. नाकाच्या दाराशी विषाणूला थोपवायला त्या क्षणी हजर असलेली प्रतिपिंडे लागतात. विषाणू आत शिरलाच, तर फुप्फुसापर्यंत पोचायला त्याला काही दिवस लागतात. तेवढ्यात आठवण जागी होते.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? तसेही नाही. शेबा मेडिकल सेंटरमध्येच लस पूर्ण केलेल्या १,४९७ कर्मचाऱ्यांच्या तपासणीत ३९ जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. संसर्गाच्या सुमारास त्यांच्यातली विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे, संसर्ग न झालेल्या सहकाऱ्यांपेक्षा कमी होती. आजार बहुतेकांना सौम्य झाला किंवा लक्षणेच दिसली नाहीत, पण काहींचा त्रास सहा आठवड्यांनंतरही टिकला. म्हणजे हजारो लोकांचा एकत्र विचार केला तर प्रतिपिंडांची पातळी आणि संसर्गाचा धोका यांचे नाते आहे. पण एका माणसाच्या रिपोर्टवर बोट ठेवून ‘याच्या वर सुरक्षित, याच्या खाली असुरक्षित’ अशी रेघ मारता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच सांगितले होते की, लशीनंतरची प्रतिकारशक्ती ठरवण्यासाठी प्रतिपिंडांची तपासणी वापरू नये.

याचा आणखी स्पष्ट पुरावा २०२२ मध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. त्याचा काटा इतका बदललेला होता की जुन्या किल्ल्या नीट बसेनात. केपटाऊनच्या शास्त्रज्ञांना मात्र असे आढळले की, टी पेशींचा प्रतिसाद ओमायक्रॉनसमोरही ७० ते ८० टक्के टिकून होता. टी पेशी काट्याचे अनेक तुकडे ओळखतात. थोडे बदलले तरी बाकीचे ओळखीचेच राहतात. त्याच सुमारास शेबामध्ये २७४ कर्मचाऱ्यांना चौथा डोस दिला गेला, १५४ जणांना फायझरचा आणि १२० जणांना मॉडर्नाचा. प्रतिपिंडे नऊ-दहा पटींनी वाढली, तिसऱ्या डोसानंतरच्या शिखरावर परत पोचली. पण संसर्ग टाळण्याची क्षमता भरली ती फायझरच्या बाबतीत ३० टक्के आणि मॉडर्नाच्या बाबतीत अवघी ११ टक्के. आकडा दहापट झाला, पण संसर्गाविरुद्धची ढाल दहापट झाली नाही.

आपल्याकडे आरोग्य कर्मचाऱ्यांना खबरदारीचा तिसरा डोस द्यायला सुरुवात झाली ती १० जानेवारी २०२२ रोजी. या तारखेशी मुंबईचे जुने नाते आहे. बरोबर १२५ वर्षांपूर्वी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेगची साथ असताना वॉल्डेमार हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा ठणकली. प्रतिपिंडांचा आकडा सांगणारे किट त्यांच्या हाती नव्हते. लस कामाची आहे की नाही, हे त्यांना टोचलेल्या आणि न टोचलेल्या माणसांत प्लेग किती जणांना होतो, हे मोजूनच ठरवावे लागले. आज साधने वाढली, पण शेवटचा निवाडा त्याच रीतीने होतो. लस आधी स्वतःवर घेण्याची रीतही तीच. फरक एवढाच की २०२१ मध्ये त्या जागी एकटा शास्त्रज्ञ नव्हता, लाखो कर्मचारी होते.

मग आरोग्य कर्मचाऱ्याने उतरणाऱ्या आकड्याची चिंता करावी की नाही? स्वतःपुरती तरी फारशी नको. निरोगी, तरुण परिचारिकेची आठवण शाबूत आहे. तिला गंभीर आजारापासून बरेच संरक्षण आहे. पण तिच्या हाताखाली कोण आहे, हे पाहायला हवे. अमेरिकेत अवयवारोपण झालेल्या ६५८ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा दोन डोसांनंतरही ४६ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडलीच नाहीत. नवे मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून त्यांना जी औषधे द्यावी लागतात, तीच लशीचा धडाही पुसून टाकतात. कर्करोगाचे उपचार घेणारे अनेक जण याच रांगेत असतात. परिचारिकेचा आकडा उतरला, की तिला नकळत सौम्य संसर्ग होऊ शकतो. तिला तो साध्या सर्दीसारखा जाईल. तिने सलाईन लावलेल्या रुग्णाला मात्र तो तसा जाईलच असे नाही.

म्हणून ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले, तरी रुग्णालयांतला प्रश्न संपला नाही. सर्दी-खोकला झालेल्या मावशीला किंवा वॉर्डबॉयला पगार न कापता दोन दिवस घरी राहू देणे, मास्क पुरेसे असणे, हात धुवायला पाणी आणि साबण असणे, खिडक्या उघड्या असणे, या साध्या गोष्टी लशीइतक्याच मोलाच्या आहेत. कंत्राटी कामगाराला आजारपणाची रजा नसते. तो अंगात कणकण असताना कामावर येतो, कारण घरची चूल त्याच्या रोजावर पेटते. त्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा अभ्यास आपण केला, पुस्तकांत त्याचे आलेख छापले. त्याच्या रजेचा अर्जही तितक्याच बारकाईने वाचला, तर त्या रक्ताचे थोडे देणे फिटेल.